मडकंभर राख

मांजरसुंबा,
२० ऑगस्ट १९९६

शिवांजली बाळा,

आशीर्वाद तर आहेतच. ते दर पत्रात लिहून अर्धं पान कशाला खाऊ? आधी तुझ्या वांग्याच्या रोपांचं बघू, मग तुला रागावते.

पानांच्या मागं बारीक काळे किडे, पानं वळलेली, हात लावला की चिकट, असं तू लिहिलंस. तो मावा आहे. औषधाच्या दुकानात जाऊ नकोस. चुलीची राख कापडानं गाळून घ्यायची, आणि सकाळी पानं दवानं ओली असतात तेव्हा वरून आणि पानाच्या पोटाशी भुरभुरायची. उन्हात नाही. दोन दिवसांनी पाण्यानं धुऊन टाकायची, नाहीतर पानाला श्वास घेता येत नाही. आणि बसवेश कुठून युरिया आणून देईल तर तो राखेबरोबर घालू नकोस, दोन्ही वाया जातं. माझ्या लेकाला कंपनीतली यंत्रं कळतात, वांगी फक्त ताटातली कळतात.

आता तू म्हणशील, सासूबाई, औरंगाबादच्या या दोन खोल्यांत चूल कुठली आणि राख कुठली? तेही खरंच. गॅसचं सगळं चांगलं, पण तो मागं काही ठेवत नाही. आपल्याकडेही गेल्या महिन्यात सिलिंडर आला. त्यावर मी चहा करते आणि लोक आले की ऐटीत काडी ओढते. भाकरी आणि अंघोळीचं पाणी मात्र चुलीवरच. राख नसली तर पितळी कशानं घासू? शेजारच्या मंगलनं भांड्यांची हिरवी वडी आणली आहे. तिच्या भांड्यांना आता लिंबाच्या सरबताचा वास येतो, तिच्या वरणालाही.

आता रागावणं. चौथा महिना लागला हे मला टेलिफोनच्या बूथवर कळावं? तेही बसवेशनं इकडचं तिकडचं बोलून, मीटर पळत असताना, शेवटी सांगावं? मी बूथमध्येच रडले. बंकट बूथवाला घाबरला, म्हणाला, "काकी, कोण गेलं?" मी म्हटलं, "आरं मेल्या, येतंय कुणीतरी!"

बाळा, तुझी आई नाही. सोलापूरला भाऊ-भावजय आहेत, पण भावजयीच्या घरी बाळंतपण म्हणजे काय ते मी जाणते. दिवसभर बसवेश कारखान्यात, तू एकटी. तू घरी यावंस. माझ्या हाताखाली तुझं बाळंतपण व्हावं, बाळाच्या कपाळाला पहिली विभूती आपल्या घरात लागावी. मला दुसरं काही नको.

तुझं उत्तर मला माहीत आहे. मामंजी स्वतः 'घरी चल' म्हणतील तेव्हाच उंबरा ओलांडीन, असं तू जाताना म्हणालीस. त्यावर मी तेव्हाही काही बोलले नाही, आताही बोलत नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते, फक्त जरा मोठ्यानं.

त्यांनी विचारलं, पत्र कुणाला? मी म्हटलं, वांग्यांना. ते दुकानात गेले.

तुझी, सासू असले तरी तुझीच,
महादेवी


मांजरसुंबा,
१५ सप्टेंबर १९९६

शिवांजली,

तुझं पत्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. तू विचारलंस, मामंजी अजून त्या विभूतीबद्दल बोलतात का. नाही बोलत. पण तुझ्या मनात ते किती खोल गेलं आहे हे मला कळलं, म्हणून आज सरळ लिहिते.

शिवरात्रीला आपल्या घरी देशी गाईच्या शेणाच्या गोवऱ्या जाळतात. ती राख नव्या मडक्यात भरायची, पाण्यात कालवून सात वेळा गाळायची, खाली बसलेला साका वाळवून त्याचे गोळे करायचे. मामंजींच्या आजोबांपासून चालत आलं आहे. त्यातले गोळे कपिलधारच्या मठाला जातात, उरलेले वर्षभर आपल्या कपाळाला. तुझ्या माहेरी विभूती दुकानातून पुडीत येते, तुला परसात ठेवलेल्या मडक्यात काय आहे ते कसं कळावं? मी तुला तीन महिने राखेचे धडे देत होते. तुला मडकंभर राख दिसली, वांग्यांवर मावा दिसला. तू अर्धी राख वांग्यांवर टाकलीस आणि उरलेल्या राखेनं सगळी पितळी लखलखीत घासून ओळीनं मांडून ठेवलीस. शाबासकी मिळेल म्हणून वाट बघत उभी होतीस. मला आजही ती ओळ दिसते.

आणि नेमके ओसरीवर कपिलधारचे स्वामी बसलेले. त्यांच्यापुढं हे म्हणाले, "जिला राख वळखता येत न्हाई तिला घर काय वळखू येणार?" स्वामी बिचारे हसून म्हणाले होते, "केदारनाथराव, महादेवाची राख वांग्याला लागली, वांगी पुण्यवान झाली." ते कुणी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी बसवेशनं तुझी पेटी बांधली.

त्या वांग्यांचं सांगू का? इतकी लागली, इतकी लागली की मी गल्लीभर वाटली. हे रोज संध्याकाळी दुकानातून आले की त्या वाफ्याशी जातात. पाणी घालतात. मी विचारलं तर म्हणतात, गुडघे मोकळे करतोय. गुडघे मोकळे करायला कुणी वांग्यापुढं बसतं का?

परवा मी तोंडावर विचारलं, "पोरीला बोलवायचं का न्हाई?"

म्हणाले, "मी कावून बोलवू? मी धाडलं का तिला?"

"तुमच्या जिभेनं धाडलं."

"तिनं आपल्या पायानं यावं. घर तिचंच हाय की."

"मंग हे तिला लिवा."

"पोस्टाचं कार्ड संपलंय," म्हणाले. दुकानात पोस्टाची कार्डं आपणच विकतो, बाई! गठ्ठा माझ्यासमोर होता. मी तो उचलून त्यांच्या गादीवर ठेवला आणि आत आले.

आता तू म्हणतेस की गॅलरीतल्या कुंड्यांना मुंग्या लागल्या. कुंडीच्या बुडाभोवती राखेची रेघ ओढायची, तुटू द्यायची नाही. आणि मुगाचा डबा. पावशेर मुगात मूठभर गाळलेली राख कालवून ठेवलीस तर वर्षभर पोरकिडा फिरकत नाही. शिजवायच्या आधी धुतलं की झालं. स्टीलची ताटं घासताना मात्र राख आधी गाळून घे, खडा राहिला तर ओरखडे उठतात. मंगलनं हल्ली चुलीत शांपूच्या पुड्या आणि प्लास्टिक घालायला सुरुवात केली आहे. तसली राख भाजीवर टाकायची नाही. मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "काकी, राखंत बी सोवळं असतंय व्हय?" मी म्हटलं, असतं.

पण हे सगळं तुला सांगून उपयोग काय, तुझ्याकडे राखच नाही. कुणी औरंगाबादला जाणारा सापडला की पाठवते.

महादेवी


मांजरसुंबा,
६ ऑक्टोबर १९९६

बाळा,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग काळजी लागली. तुला डोहाळे लागावेत तर चिंचेचे, आंब्याच्या लोणच्याचे लागावेत. चुलीवर पाणी शिंपडल्यावर ओल्या राखेचा जो वास येतो तो हवासा वाटतो, आणि जिभेवर चिमूटभर ठेवावीशी वाटते, हे काय गं? ठेवू नकोस. राख पोटात जायची वस्तू नाही. रक्त कमी असलं की असं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरणीला सांग, लाजू नकोस, ती गोळ्या देईल. त्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, घाबरायचं नाही. रोज गूळ-शेंगदाणे खा आणि पालेभाजी सोडू नकोस.

मी तुझं पत्र मुद्दाम मोठ्यानं वाचलं. हे ओसरीवर सुपारी कातरत होते. मी वासाच्या वाक्याशी आले तेव्हा अडकित्ता थांबला.

"सातवा कधी लागतोय?" त्यांनी विचारलं. आठ महिन्यांत तुझ्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. मी सांगितलं, दिवाळीच्या आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर हे चुलीपुढं बसून राख गाळत होते. माझ्या धुतलेल्या पातळाचा तुकडा फाडून घेतला होता. नुसती बाभळीची राख, त्यात कोळशाचा कण नाही. मी विचारलं, काय चाललंय? म्हणाले, "दुकानात तेल सांडतंय. तेलावर राख टाकलेली बरी असती." तेल सांडलं की राख टाकतात हे खरंच आहे, बाळा. पण त्याला कुणी सात वेळा गाळत नाही.

मी तुला आशा दाखवत नाही. तू डोळ्यांत पाणी आणू नकोस.

महादेवी


मांजरसुंबा,
३० ऑक्टोबर १९९६

शिवांजली,

तुझं पत्र आलं. 

तू लिहितेस, बुधवारी दुपारी दार वाजलं, उघडलं तर मामंजी. हातात पांढऱ्या फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं. तू पाया पडलीस. त्यांनी मडकं गॅलरीत नेऊन ठेवलं, तुझी रोपं एक-एक बघितली, चहा घेतला, 'तब्येतीला जप' म्हणाले आणि परतीची गाडी गाठायला निघून गेले. तू दारात उभी राहिलीस की आता म्हणतील, आता म्हणतील. ते जिना उतरून गेले. तू लिहितेस, यापेक्षा आले नसते तर बरं.

मला ते बीडला किराणा भरायला जातो म्हणून सांगून गेले होते, मडक्याचं एका शब्दानं बोलले नाहीत. रात्री आले, जेवले नाहीत, भिंतीकडे तोंड करून झोपले. मी समजले की माल मनासारखा मिळाला नाही. मग काल आपला राधाकिशन, गिरणीवाला, पीठ घेऊन आला आणि हसत हसत म्हणाला, "काकी, काकांनी सांगितलं का, शहागडच्या पुलावर काय झालं?" तोही त्याच गाडीत होता, औरंगाबादला मेहुण्याकडे चालला होता. त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

हे बीडहून बसले. गाडीला गर्दी. वर ठेवलं तर मडकं धक्क्यानं पडेल आणि खाली ओलं, म्हणून ते मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून बसले. नवं मडकं, पांढरं फडकं, म्हातारा माणूस, कुणाशी बोलत नाही. आता गोदावरीच्या वाटेवर असं मडकं मांडीवर दिसल्यावर लोक काय समजणार? खिडकीजवळच्या माणसानं हात जोडून आपली जागा दिली. गेवराईला एका पोरानं पाणी आणून दिलं. कुणी हळूच विचारलं, "कोण गेलं, बाबा?" यांच्या काही ध्यानात आलं नाही. म्हणाले, "कुणी न्हाई." लोकांना वाटलं, दुःखानं बोलवत नाही.

शहागडच्या पुलावर कंडक्टरनं घंटी मारली. गाडी थांबली. "उतरा काका, गोदामाय आली. निवांत उरका, गाडी थांबवतो." आपल्यात माती देतात, जाळतात कुठं, अस्थी कुठल्या? पण कंडक्टरला काय माहीत!

हे म्हणाले, "मला औरंगाबादला उतरायचंय."

शेजारी एक म्हातारी होती. ती यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आसं जिवाला लावून घेऊ नका, दादा. सोडा आता तिला पाण्यात. मोकळी करा."

तेव्हा यांना समजलं. राधाकिशन म्हणतो, काका असे उठून उभे राहिले की मडकं पडतंय का काय असं झालं. आणि ओरडले. आपले हे, गिऱ्हाइकाशीही हळू बोलणारे. "आवं, जित्ती हाय माझी सून! शिवांजली नाव हाय तिचं! सातवा म्हैना लागलाय! झाडाला किडा लागलाय तिच्या, म्हणून चुलीची राख नेतोय!"

सगळी गाडी हसायला लागली. कंडक्टर कपाळाला हात लावून हसला. हे मात्र खाली बसेनात. राधाकिशन म्हणतो, धरण फुटल्यासारखं झालं. म्हणाले, "लई गुणाची पोर हाय. सोलापूरसारख्या शहरातली, पण आल्या दिवसापासून शेणाला हात लावायला लाजली न्हाई. माझा चहा दुकानात यायचा तवा कप बशीत हलायचा न्हाई, इतकी हळू चालायची. सकाळी तिच्या बांगड्या वाजल्या की मला वाटायचं, आता उजाडलं. आता गजर लावून उठतो मी."

म्हातारीनं विचारलं, "मंग घरी कावून न्हाई आणलं?"

गाडीतलं हसणं थांबलं. हे म्हणाले, "मी बोललो तिला. चार माणसांत बोललो. ती ऐकून घेऊन आत गेली, उलटून एक शबुद न्हाई. आता कोणत्या तोंडानं बोलवू?"

म्हातारी म्हणाली, "ह्याच तोंडानं. आमाला सांगितलं तसं तिला सांगा."

"व्हय," हे म्हणाले. "आज सांगतोच."

मग म्हणे औरंगाबाद येईपर्यंत हे तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. राधाकिशनला वाटलं जप चालला आहे. त्यानं कान दिला, तर 'घरी चल बाळा, घरी चल बाळा' असं चाललं होतं. कंडक्टरनं उतरताना म्हटलंसुद्धा, "काका, इसरू नका."

आणि तुझ्या दारात येऊन विसरले. विसरले कसले, गिळून टाकलं. तुझं पोट बघितलं, तुझी ती कुंड्यांतली रोपं बघितली आणि चहाचा कप तोंडाला लावला. हे मला त्यांनी सांगितलेलं नाही, पण तीस वर्षं एका ताटाला बसते आहे, एवढं तरी मला कळणारच.

आता तू ठरव. मी मध्ये पडत नाही.

महादेवी


मांजरसुंबा,
१४ नोव्हेंबर १९९६

शिवांजली,

दिवाळी झाली. तुझ्याविना झाली, त्यामुळे तिच्याबद्दल लिहीत नाही. करंज्या पाठवल्या आहेत, बसवेशच्या आधी तू खा.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तू लिहिलंस, "बसमधल्या लोकांनी ऐकलं, सासूबाई. कंडक्टरनं ऐकलं. मी समोर उभी होते, मला कुणी काही म्हटलं नाही. मला हसू आलं, रडूही आलं, पण माझी पेटी मी अजून काढलेली नाही."

बरोबर आहे तुझं. माझा नवरा आहे म्हणून मी त्यांची बाजू घेणार नाही. मला तू इथं हवी आहेस, इतकी हवी आहेस की तुझ्यासाठी खोलीत मी नवी बाज विणून ठेवली आहे. डिंक आणला आहे, खोबरं आणलं आहे, जुन्या मऊ पातळांची दुपटी शिवली आहेत. बीडची डॉक्टरीण चांगली आहे असं सगळ्या म्हणतात, तिला भेटूनही आले. पण ऐकीव बोलण्यावर तू परत आलीस तर ते तुझ्या मनात कायमचं राहील, आणि तसली सून मला नको. मला तू आधी होतीस तशी हवी, धडाधड बोलणारी.

म्हणून काल जेवणं झाल्यावर तुझं पत्र मी त्यांच्या हातात दिलं. मोठ्यानं वाचलं नाही. म्हटलं, चष्मा लावा आणि तुमचं तुम्ही वाचा. त्यांनी वाचलं. कागदाची घडी घालून मला परत दिली. मग म्हणाले, "तुझं लिवून झालं का खाली जागा ठेव."

ही ठेवली जागा. पुढचं त्यांच्या हातचं आहे. मी बघितलेलं नाही, बघणारही नाही, पाकीट तेच चिकटवतील.

महादेवी


।। श्री ।।

चि. सौ. शिवांजली,

मला पत्र लिहिण्याची सवय नाही. दुकानाच्या चिठ्ठ्या लिहितो, तसंच लिहितो.

स्वामींपुढं तुला बोललो ते चुकलं. राख मला पुन्हा करता आली असती. तुला घर ओळखता येत नाही असं म्हणालो. तू गेल्यावर मलाच ते ओळखू येईना.

मी येत्या सोमवारी दुकान बंद ठेवून सकाळच्या गाडीनं येतो. या वेळी हातात काही आणणार नाही. दारात उभा राहून, आत येण्याच्या आधी, घरी चल म्हणेन. तुझी इच्छा असेल तर ये. नसेल तर राग धरणार नाही. तू दिलास तर चहा घेईन आणि परत येईन.

पुढच्या सोमवारी पुन्हा येईन.

केदारनाथ